बोल्ट हलतो तेव्हा काय बिघडते?

पन्नास मीटर रायफलचा सराव करणारा प्रत्येक खेळाडू कधी ना कधी एक गोष्ट पाहतो. खरे काडतूस न भरता, ड्राय फायरचे साधन लावून तो ट्रिगर दाबतो. आत पिन सुटते आणि त्याच क्षणी बोल्टचे हँडल किंचित उडते. कधी केसभर वर जाते, कधी केसभर खाली बसते. आधी नुसते कुतूहल वाटते. गुण घसरू लागले की त्याच उडीवर संशय येतो. मग तर्क सुरू होतात. कोणी म्हणते ट्रिगर चुकीचा बसला आहे, कोणी म्हणते बोल्टमध्ये प्ले आहे, कोणी म्हणते टायमिंग गेले आहे, आणि कोणी म्हणते की या सगळ्याकडे दुर्लक्ष कर आणि श्वासाकडे लक्ष दे.

हा वाद जगभरच्या नेमबाजांत जुना आहे. आपल्याकडे तो गेल्या पंधरा-वीस वर्षांत आला, कारण पॉइंट टू-टूच्या बोल्ट-ॲक्शन रायफलीवर गंभीरपणे खेळणारी पिढीच आपल्याकडे या काळात घडली. तिचे एक मोठे केंद्र पिंपरी-चिंचवडच्या वेशीवर आहे. मुळेच्या अलीकडे बालेवाडी-म्हाळुंगेचे श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल, पलीकडे वाकड, आणि तिथून पुढे भोसरी, मोशी, चाकणपर्यंत पसरलेली कारखान्यांची रांग. एका काठावर रायफलीचे प्रश्न आहेत, तर दुसऱ्या काठावर मायक्रॉनमध्ये विचार करणारी माणसे. वाद आज कुठवर आला आहे आणि त्यातले काय ठरले, काय ठरलेले नाही, ते क्रमाने पाहू.

पार्श्वभूमी: थ्री-नॉट-थ्री ते पॉइंट टू-टू

मराठी माणसाची बोल्टशी पहिली ओळख बहुधा पोलिसाच्या खांद्यावरच्या थ्री-नॉट-थ्रीने झाली. जेम्स पॅरिस ली याच्या बोल्टवर आधारलेली ली-मेटफोर्ड १८८८ साली आली, १८९५ साली ली-एनफिल्ड, आणि १९०७ साली तिचा मार्क थ्री; हीच ती थ्री-नॉट-थ्री. बंगालमधल्या इच्छापूरच्या रायफल फॅक्टरीत ती वर्षानुवर्षे बनली. पुढे १९६०च्या दशकात तिचेच ७.६२ मिलिमीटरचे भावंड, टू-ए-वन, तिथेच तयार झाले. एनसीसीत ज्यांनी पॉइंट टू-टू चालवली त्यांच्यापैकी अनेकांच्या हातात याच साच्यातली रायफल होती.

या घराण्याची एक खूण अशी की तिची मुख्य स्प्रिंग बोल्ट पुढे ढकलताना दबते. हँडल उचलायला जोर लागत नाही, शेवटच्या इंचभर प्रवासात मात्र लागतो. हँडल साठ अंश फिरले की काम झाले. जर्मनीच्या १८९८च्या माउझरमध्ये उलट व्यवस्था आहे. तिथे हँडल नव्वद अंश उचलतानाच स्प्रिंग दबते आणि बोल्ट बंद करणे हलके जाते. आजच्या बहुतेक बोल्ट-ॲक्शन रायफली, बालेवाडीत दिसणाऱ्या ॲनशुट्झसारख्या मॅच रायफलीही, माउझरच्या वाटेने जातात. पहिली पद्धत भरभर गोळ्या झाडणाऱ्या शिपायासाठी सोयीची होती, दुसरी खेळाडूला मानवली.

खेळाची संघटना आपल्याकडे १९५१ची. नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडियाच्या स्थापनेमागे गणेश वासुदेव मावळंकर होते. लोकसभेचे पहिले अध्यक्ष तेच आणि या संघटनेचेही पहिले अध्यक्ष तेच. त्यांच्या नावाची स्पर्धा आजही राष्ट्रीय स्पर्धेच्या उंबरठ्यावरची पायरी आहे. बालेवाडीचे संकुल १९९४च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभे राहिले, २००८मध्ये तिथे राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाल्या, आणि २०११मध्ये गगन नारंग आणि पवन सिंग यांची ‘गन फॉर ग्लोरी’ अकादमी तिथे सुरू झाली. त्याआधीच, २०१०मध्ये, कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने म्युनिकला पन्नास मीटर प्रोनमध्ये, म्हणजे आडवे पडून झाडण्याच्या प्रकारात, विश्वविजेतेपद मिळवले होते. १ ऑगस्ट २०२४ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये थ्री पोझिशनचे, म्हणजे गुडघ्यावर, आडवे आणि उभे अशा तीन स्थितींतल्या प्रकाराचे, कांस्यपदक घेतले. त्या वेळी मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस असलेला हा मुलगा बालेवाडीत सराव करत असे. खाशाबा जाधवांच्या १९५२च्या पदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला बहात्तर वर्षे लागली.

त्या अंतिम फेरीत स्वप्नीलचे गुण होते ४५१.४. चव्वेचाळीस गोळ्यांत हे गुण म्हणजे दर गोळीमागे सव्वादहाच्या आसपास. इथे दशांशाचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा, कारण पुढचा सगळा वाद त्या मापानेच तोलावा लागतो. पन्नास मीटरच्या लक्ष्यावर दहाच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर असतो आणि प्रत्येक दशांशाची रुंदी ०.८ मिलिमीटर. बोल्टच्या हालचालीने गोळी एक मिलिमीटर जरी सरकत असेल तरी दशांश गेला. सरकतच नसेल, तर सगळी चिंता व्यर्थ आहे.

बोल्टच्या आत

बोल्ट रायफलीतून काढून कापडावर ठेवला की त्याच्या शेपटीकडे एक तिरकी खाच दिसते. तिला कॅम म्हणतात. त्या खाचेत पिनच्या मागच्या तुकड्याचे, म्हणजे कॉकिंग पीसचे, नाक बसते. हँडल उचलले की खाचेचा उतार त्या नाकाला मागे ढकलतो, स्प्रिंग दबते, आणि नाक खाचेबाहेर येऊन एका उथळ खोबणीत टेकते. बोल्ट पुढे ढकलून हँडल खाली आणले की नाक त्या खोबणीतून सुटून पुन्हा खाचेच्या समोर येते, पण खाली उतरत नाही, कारण आता त्याला सिअरने, म्हणजे ट्रिगरला जोडलेल्या अडणीने, अडवलेले असते. ट्रिगर दाबला, सिअर खाली गेला, की नाक खाचेत घुसते आणि पिन काडतुसाच्या कडेवर आदळते.

बारकाईने पाहिले तर वापरलेल्या बोल्टच्या कॅमवर चमकदार पट्टा उमटलेला असतो. उताराच्या ज्या बाजूने नाक चढते तिथे पट्टा असायलाच हवा. ती रोजची घासण आहे. पण उलट बाजूच्या भिंतीवर, किंवा खाचेच्या तळाशी, ठिपक्यासारखी चकाकी दिसली तर पिन पडताना नाक तिथे धडकते आहे असे समजावे. साचे बनवणारे ज्याला ब्लू मॅचिंग म्हणतात, म्हणजे निळा रंग लावून कुठे टेकते ते पाहणे, तीच रीत जगभरचे बंदूक-कारागीर इथे वापरतात. हँडल उडण्याचे पहिले कारण हेच. नाक भिंतीला धडकते आणि बोल्टला फिरवते.

दुसरे कारण स्प्रिंगचे. गुंडाळलेली स्प्रिंग सुटताना सरळ लांबते तशी थोडी पिळतेही, आणि तो पीळ बोल्टपर्यंत पोहोचतो. तिसरे कारण सिअरचा दाब. ट्रिगर भरलेला असताना सिअर कॉकिंग पीसला खालून टेकलेला असतो आणि बोल्टची शेपटी वर उचलून धरतो. सिअर सुटला की शेपटी खाली बसते. बोल्ट आणि रिसीव्हर यांच्यात जेवढी मोकळीक, तेवढी ही बैठक डोळ्याला दिसते.

टायमिंग हा शब्द या सगळ्याला लावला जातो. भोसरीतल्या कोणत्याही गॅरेजमध्ये इंजिनाचे टायमिंग म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. व्हॉल्व्ह वेळेआधी उघडला किंवा उशिरा उघडला की इंजिन चालते, पण दम देत नाही. बोल्टचेही तसेच. सिअर कॉकिंग पीसला किती मागे पकडतो यावर सगळे ठरते. फार मागे पकडले तर हँडल खाली आणताना शेवटी एक अडथळा जाणवतो, कारण हाताने स्प्रिंग पुन्हा दाबावी लागते. फार पुढे पकडले तर नाक कॅमच्या उतारावरच टेकून राहते आणि बोल्ट पूर्ण बंद झाला की नाही याची खात्री राहत नाही. दोहोंमध्ये एक अरुंद जागा आहे जिथे हँडल सहज बंद होते आणि नाक कुठेही न घासता पडते. एका कंपनीच्या बोल्टला दुसऱ्या कंपनीचा ट्रिगर लावला की ही जागा हमखास हलते. हँडल उडण्याच्या बऱ्याच तक्रारी तिथूनच सुरू होतात.

काडतुसाचे कवच सैल करून मागे खेचण्याचे, म्हणजे प्रायमरी एक्स्ट्रॅक्शनचे, टायमिंगही याच बोल्टवर असते. मोठ्या कॅलिबरच्या रायफलीत तो मोठा विषय आहे. पॉइंट टू-टूमध्ये दाब कमी असल्याने तो सहसा जाणवत नाही.

पहिली बाजू: पिनची ताकद

एका गटाचे म्हणणे असे की उडणारे हँडल म्हणजे वाया गेलेली ताकद. पिनसाठी राखलेली स्प्रिंगची ऊर्जा बोल्ट फिरवण्यात खर्च झाली. त्यातही ती दर वेळी सारखी खर्च होत नाही. कधी जास्त, कधी कमी. म्हणजे कडेवरचा ठोका कमी-जास्त, बारूद पेटण्याची क्रिया कमी-जास्त, आणि गोळीचा वेगही कमी-जास्त.

हा युक्तिवाद भक्कम वाटतो, कारण वेगाचा परिणाम मोजता येतो. मॅच काडतुसाची गोळी सेकंदाला साधारण ३२५ मीटर वेगाने निघते आणि पन्नास मीटर जायला तिला सेकंदाच्या सहाव्या हिश्श्याच्या आसपास वेळ लागतो. तेवढ्या वेळात ती बारा-तेरा सेंटिमीटर खाली येते. वेग सेकंदाला एका मीटरने घटला तर ती आणखी पाऊण मिलिमीटर खाली जाते, म्हणजे जवळपास एक दशांश. वेगात दहा मीटरचा फरक पडला तर उभ्या दिशेने सात-आठ मिलिमीटरचा फरक. दहाच्या वर्तुळात बसणारी गोळी तेवढ्याने बाहेर जाऊ शकते.

तरी या गटाला एका प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते. ठोक्याची ताकद किती घटली की वेग डळमळतो? पिनची ऊर्जा वीस टक्के घटली तर तिचा वेग साधारण दहा टक्केच घटतो. कडेतले स्फोटक पेटायला जेवढी ऊर्जा पुरते त्याच्या बरीच वर स्प्रिंग असेल, तर थोड्या हानीने काही बिघडत नाही. स्प्रिंग जुनी, पिनचे टोक झिजलेले किंवा तेल घट्ट झालेले असेल, तर तीच हानी महागात पडते. त्यामुळे या बाजूचे जाणते लोकसुद्धा आधी स्प्रिंग आणि पिन पाहतात, मग कॅम.

ड्राय फायरमध्ये दिसते ते खऱ्या गोळीत घडते का, हा आणखी एक मुद्दा. चेंबरमध्ये काडतूस असते तेव्हा पिन कडेवर थांबते. ते नसते तेव्हा ती स्वतःच्या शेवटच्या अडणीपर्यंत जाते आणि तिथे आदळते. त्या आदळण्यानेही हँडल हलते. तेव्हा नुसते रिकाम्या रायफलीत हँडल उडताना दिसले म्हणून खऱ्या गोळीतही ताकद वाया जाते असे सिद्ध होत नाही. दोन्हींचा संबंध आहे, पण किती, ते रायफलीगणिक बदलते.

दुसरी बाजू: वेळ

सिअर सुटल्यापासून पिन कडेवर आदळेपर्यंतच्या वेळेला लॉक टाइम म्हणतात. जुन्या माउझरमध्ये तो पाच मिलिसेकंदांच्या आसपास सांगितला जातो, आधुनिक रायफलीत तीन किंवा त्याहून कमी. हलकी पिन, ताठ स्प्रिंग आणि छोटा प्रवास असेल तर हा वेळ घटतो. नाक घासत पडले तर तो वाढतो, आणि अनियमितपणे वाढतो. म्हणून टायमिंगचा हाही प्रश्न.

गणित केले तर हा धोका लहान दिसतो. उभ्या स्थितीत खेळाडूचा नेम लक्ष्यावर सेकंदाला शंभर मिलिमीटर सरकत आहे असे धरू. तीन मिलिसेकंदांत तो ०.३ मिलिमीटर सरकेल, म्हणजे अर्ध्या दशांशाहूनही कमी. याउलट डोळ्याने पाहिले आणि बोटाने दाबले यांत माणसाला दीडशे ते दोनशे मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात तोच नेम दीड-दोन सेंटिमीटर सरकतो. संशयवादी याच आकड्यांवर बोट ठेवतात आणि म्हणतात, पिनच्या दोन मिलिसेकंदांसाठी एवढा खटाटोप कशाला.

लॉक टाइमचे पुरस्कर्ते यावर जे उत्तर देतात ते मला विचार करायला लावणारे वाटते. माणसाची ती दीडशे मिलिसेकंदांची दिरंगाई खेळाडूच्या अंगवळणी पडलेली असते. नेम कुठे जातो आहे हे ओळखून तो आधीच दाबतो. पण सिअर सुटल्यानंतर जे घडते, म्हणजे पिनच्या वजनाचे पुढे धावणे, बोल्टची शेपटी खाली बसणे, बोटाचा राहिलेला जोर, ते त्याच्या हातात नसते. त्याला त्याचा अंदाजही येत नाही. तो काळ जितका छोटा तितके बरे. स्कॅटसारख्या इलेक्ट्रॉनिक साधनांनी नेमाची रेघ गोळी सुटेपर्यंत टिपता येते, आणि सुटण्याच्या ऐन क्षणी ती रेघ उडते का हेही त्यात कळते. त्या रेषेतला किती भाग बोटाचा आणि किती पिनचा, हे मात्र ते साधन सांगत नाही.

तिसरी बाजू: बोल्टची बैठक

तिसऱ्या गटाला ना ताकदीची चिंता ना वेळेची. त्यांना चिंता आहे ती बोल्ट कुठे टेकतो याची. बोल्टचे दोन लग, म्हणजे त्याला जागी अडकवून धरणारे दात, रिसीव्हरच्या खोबणीत सारखे टेकले पाहिजेत. सिअरने शेपटी उचलली तर वरचा लग खोबणीपासून सुटतो आणि काडतूस पेटल्यावर धक्क्याने मागे जाऊन टेकतो. मोठ्या कॅलिबरच्या बेंचरेस्ट खेळात, म्हणजे रायफल टेबलावर टेकवून झाडण्याच्या खेळात, ही गोष्ट फार गांभीर्याने घेतात. त्या लोकांनी बोल्टवर बुश चढवून, मोकळीक घटवून, शेपटीची हालचाल जवळपास संपवली. सँडिया प्रयोगशाळेतले अभियंते हॅरल्ड व्हॉन यांनी १९९८च्या पुस्तकात रिसीव्हरचा असमतोल आणि बॅरलच्या जोडाची हालचाल मोजून मांडली. तेव्हापासून या बाजूला मोजमापाचा आधार मिळाला.

इथे एक उलटा धागाही आहे, आणि तो आपल्या थ्री-नॉट-थ्रीचा आहे. तिचे लग बोल्टच्या मागच्या टोकाला असतात. त्यामुळे गोळी सुटताना बोल्ट आणि रिसीव्हर दोन्ही किंचित दबतात, वाकतात, आणि बॅरल हलते. ताठपणाच्या हिशेबाने ही कमजोरी. पण दूरच्या अंतरावर, आठशे-हजार यार्डांवर, हीच रायफल आश्चर्यकारक एकसंध गट देत असे. कारण बॅरलचे टोक वर जात असतानाच गोळी बाहेर पडत असे. मंद गोळीला बाहेर यायला जरा जास्त वेळ लागे, तेवढ्यात टोक आणखी वर गेलेले असे आणि मंदपणाची भरपाई होई. बॅरलच्या थरथरीवर ए. मॅलॉक यांनी १९०१मध्ये रॉयल सोसायटीसमोर काम मांडले होते, आणि ब्रिटिश लष्कराच्या १९२९च्या शस्त्रविषयक पाठ्यपुस्तकात या भरपाईची नोंद आहे. हालचाल नेहमीच वाईट असते असे म्हणणाऱ्यांना हा इतिहास पचवावा लागतो.

पॉइंट टू-टूच्या बहुतेक मॅच रायफलीही मागेच लॉक होतात. दाब थ्री-नॉट-थ्रीच्या निम्म्याच्या आसपास, त्यामुळे वाकणे कमी. शिवाय काडतुसाची कड बॅरलच्या तोंडावर टेकते आणि कडेची जाडी सुमारे एक मिलिमीटर असते. बोल्टचा चेहरा आणि ती कड यांच्यात फट राहिली तर पिनच्या ठोक्याने काडतूस आधी सरकते आणि मग पेटते. कडेवर ठोका बसणाऱ्या अशा काडतुसांच्या, म्हणजे रिमफायरच्या, जाणकारांत सध्या सर्वाधिक चर्चा याच फटीची आहे. बॅरलच्या टोकाला वजन लावून थरथरीचा मेळ बसवणारे ट्यूनरही आता सर्रास दिसतात. मॅलॉकच्या जुन्या गणिताचेच ते हाताने फिरवता येणारे रूप.

प्रशिक्षकांची बाजू

रेंजवर रोज उभे राहणाऱ्यांचा अनुभव या तिन्ही बाजूंहून वेगळा आहे आणि त्याला वजन दिले पाहिजे. त्यांच्या लेखी बोल्टची खरी हालचाल म्हणजे हाताने केलेली हालचाल. नीलिंगमध्ये, म्हणजे गुडघ्यावर बसून, वीस गोळ्या झाडायच्या आहेत, रायफल खांद्याला आहे, गाल दस्त्यावर आहे. हँडल उचलताना जोर लागला की कोपर हलते, कोपर हलले की पट्ट्याचा ताण बदलतो, आणि पुढची गोळी वेगळ्या स्थितीतून जाते. हँडल दर वेळी त्याच लयीने आणि शेवटपर्यंत बंद होणे त्यांना पिनच्या मिलिसेकंदांपेक्षा महत्त्वाचे वाटते. अर्धवट बंद झालेला बोल्ट हे हँडल उडण्याचे सर्वांत साधे कारण आहे. खाली यायची राहिलेली थोडी वाट नाक स्वतः धडकून पूर्ण करते.

दुसरे म्हणजे काडतूस. एकाच ब्रँडच्या दोन लॉटमध्ये जो फरक पडतो तो बहुतेक बोल्टच्या दोषांना झाकून टाकतो. म्हणूनच आघाडीचे खेळाडू जर्मनीतल्या शोनेबेकला लापुआच्या, किंवा इंग्लंडला इलीच्या चाचणी केंद्रात रायफल नेऊन तिच्याशी जुळणारा लॉट निवडतात. त्या खर्चापुढे बोल्टचा विचार नंतर, असे प्रशिक्षक म्हणतात, आणि मर्यादित पैशात घरचा जमाखर्च सांभाळून खेळणाऱ्या मुलामुलींच्या बाबतीत मला ते रास्त वाटते.

कारखाने आणि कायदा

मोजमापाची विद्या या पट्ट्यात मुबलक आहे. टाटा, बजाज, महिंद्र, फोक्सवॅगन यांना भाग पुरवणाऱ्या भोसरी-चाकणच्या शेकडो शॉपमध्ये डायल, स्लिप गेज आणि बारीक मापे घेणारी सीएमएम यंत्रे रोजच्या कामाची आहेत. कॅमचा उतार दर बोल्टला सारखा आहे का, लग किती टेकतात, शेपटीला किती प्ले आहे, हे तिथल्या मेट्रॉलॉजी रूममध्ये कळणे अवघड नाही. जवळच खडकीला १८६९ची ॲम्युनिशन फॅक्टरी आहे आणि पाषाणला १९५८ची शस्त्रसंशोधन संस्था एआरडीई. शस्त्राचे शास्त्र या परिसराला परके नाही.

पण आर्म्स ॲक्ट, १९५९ नुसार शस्त्राच्या व्याख्येत त्याचे भागही येतात, आणि बंदूक बनवणे, बदलणे, दुरुस्त करणे, तपासणे यासाठी वेगळा परवाना लागतो. म्हणजे सीएमएमवर रोज गिअर मोजणाऱ्या माणसाच्या टेबलावर खेळाडू आपला बोल्ट ठेवू शकत नाही. हा नियम सुरक्षेसाठी आहे आणि त्यामागचे कारण कोणी नाकारत नाही. त्याचा एक परिणाम मात्र असा की बंदुकीचा मेकॅनिक म्हणून परवाना असलेला कारागीर आणि मायक्रॉनचे काम येणारा तंत्रज्ञ हे दोघे सहसा वेगवेगळ्या जगात राहतात. पोलिसांच्या किंवा लष्कराच्या शस्त्रागारातून तयार झालेल्या आर्मररला थ्री-नॉट-थ्री पाठ असते. पण मॅच रायफलीच्या ट्रिगरची बारीक जागा पकडायला शिकण्याची सोय त्याच्यासाठी मर्यादित आहे. दहा मीटरच्या एअर रायफलीला हा प्रश्न नाही, कारण तिच्यात असा बोल्टच नाही. लहानपणी तिच्यावर शिकलेली मुले पॉइंट टू-टूकडे वळतात तेव्हाच त्यांना या अडचणी पहिल्यांदा भेटतात.

यावर दोन मते ऐकू येतात. एक म्हणते, रायफल बनवणाऱ्या कंपनीच्या प्रतिनिधीकडेच काम द्यावे, स्थानिक हात लावू नये. जबाबदारी स्पष्ट राहते. दुसरे म्हणते, अकादमी आणि संघटनांनी परवानाधारक कार्यशाळा स्वतः उभी करावी आणि या पट्ट्यातल्या मोजमाप जाणणाऱ्यांना त्या चौकटीत आणावे. पहिल्या मार्गात वेळ आणि पैसा जातो, दुसऱ्यात परवाने आणि देखरेख यांचा भार वाढतो. दोन्ही बाजूंकडे कारणे आहेत.

जे ठरलेले नाही

हँडल उडते ते का, हे आता कळलेले आहे. कॅमवरच्या खुणा वाचता येतात, सिअरची जागा मोजता येते. अर्धवट बंद झालेला बोल्ट आणि कमकुवत स्प्रिंग या दोन गोष्टींनी नक्की नुकसान होते, यावर कोणाचेही दुमत नाही. चांगल्या स्थितीतल्या मॅच रायफलीत उरलेल्या लहान उडीने गुण जातात का, हे मात्र ठरलेले नाही. आणि ते न ठरण्याचे एक साधे कारण आहे.

लोक पाच-पाच गोळ्यांचे गट मारून तुलना करतात. ट्रिगर बदलण्याआधीचा गट मोठा, नंतरचा छोटा, म्हणून बदल उपयोगी, असे सांगतात. पण पाच गोळ्यांच्या गटाचा आकार काहीही न बदलताच पंचवीस टक्क्यांच्या आसपास इकडेतिकडे होतो. गट दहा टक्क्यांनी सुधारला की नाही हे भरवशाने सांगायचे तर आधीचे शंभरेक आणि नंतरचे शंभरेक गट लागतात. म्हणजे एकाच लॉटची हजारभर काडतुसे, एकच रायफल पक्क्या शिकंज्यात, वाऱ्यापासून आडोसा, प्रत्येक गोळीच्या वेगाची नोंद, आणि दोन्ही मांडण्या आलटून पालटून, कारण बॅरल तापते आणि मळते. शिवाय वेगाची नोंद असली तर पिनच्या ताकदीचा प्रश्न आणि बोल्टच्या बैठकीचा प्रश्न वेगळे करता येतात. पहिल्यात वेग डळमळतो, दुसऱ्यात वेग स्थिर राहून गट फाकतो. वादातल्या ताकद आणि बैठक या दोन बाजूंना या एका चाचणीत आपापले उत्तर मिळू शकते.

एकट्या खेळाडूला हे परवडणार नाही. हजार मॅच काडतुसे म्हणजे त्याच्या सरावातला मोठा वाटा. परवाना असलेली कार्यशाळा, रेंजची एक रिकामी गल्ली, आणि भोसरी-चाकणमधून आलेला कोणीतरी जो आकड्यांची नोंद नीट ठेवेल, एवढे एकत्र आले तर काम होण्याजोगे आहे. त्यातून रायफल बदलायची गरज नाही असे निघाले, तरी खेळाडूंचा पैसा काडतुसांकडे वळेल, आणि हँडलच्या उडीकडे पाहत घालवलेला सराव वाचेल.